चालत्या कर्नलमध्ये हात घालण्याची सोय बंदच असावी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

संगणकाच्या सुरक्षेविषयीचा मजकूर आपल्या दैनिकात नेमाने येतो आणि त्यातला सल्ला बहुधा पासवर्ड, ओटीपी आणि अनोळखी लिंक यांच्याभोवती असतो. घरच्या वाचकाला त्याचीच गरज आहे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु ज्या सर्व्हरवर बँकांचे व्यवहार, रुग्णालयांतील नोंदी किंवा जमिनींचे दस्तऐवज ठेवलेले असतात, त्यांच्या सुरक्षेचा एक प्रश्न असा आहे, की तो वापरकर्त्याच्या हातातही नसतो आणि त्याच्या कानावरही येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातले दोष शोधण्यासाठी करून ठेवलेल्या सोयी प्रत्यक्ष कामाच्या यंत्रावर कितपत उघड्या ठेवाव्यात, हा तो प्रश्न. पुण्यात लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या सर्व्हरची देखभाल करण्यात माझी वीस वर्षे गेली. याच सोयींवर माझे पोट भरले, म्हणून कामाच्या यंत्रांवर त्या बंद असाव्यात हे माझे मत मी आपल्या वाचकांपुढे जबाबदारीने मांडत आहे.

कर्नल हा संगणकातील सर्वाधिकारी प्रोग्राम होय. मेमरीचा कोणता तुकडा कोणाला द्यायचा, डिस्कवरची कोणती फाइल कोणाला वाचू द्यायची, नेटवर्कवरून आलेला निरोप कोणाकडे पोचवायचा, हे सगळे तोच ठरवतो. असा प्रोग्राम बिघडला तर त्याचे निदान करणे फार अवघड, कारण निदानाची साधनेही त्याच्याच आधाराने चालत असतात. म्हणून कर्नल लिहिणाऱ्यांनी गेल्या तीस वर्षांत त्यात नाना तऱ्हेच्या खिडक्या ठेवल्या. यंत्राची मेमरी एखाद्या फाइलसारखी वाचता-लिहिता यावी म्हणून ‘डेव्ह-मेम’ आणि ‘डेव्ह-केमेम’ होते. चालत्या कर्नलमधील एखाद्या सूचनेवर खूण ठेवून तिथे आपला कोड चालवता यावा म्हणून २००४ मध्ये केप्रोब्ज आले. ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारा कर्नलमधील भाग, लिहिणाऱ्याला हवी ती माहिती विनासायास बाहेर दाखवता यावी म्हणून डीबगएफएस आले. कर्नल जागच्या जागी थांबवून, दुसऱ्या संगणकावरून सीरियल तारेने त्याची मेमरी तपासता यावी म्हणून २००८ मध्ये केजीडीबी हा डीबगर, म्हणजे दोष शोधण्याचे साधन, मूळ कर्नलमध्ये सामील झाला आणि २०१० मध्ये त्याच्या जोडीला केडीबी हा दुसरा डीबगर आला.

या खिडक्या वापरण्याचा अधिकार रूटला, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाला असतो आणि लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सच्या परंपरेत रूटवर कसलेही बंधन नसे. रूट आणि कर्नल यांच्यामध्ये भिंत असण्याचे कारणच काय, रूट तर मालकाचाच माणूस, असा तो विचार होता. यंत्र एका खोलीत, त्याचा प्रशासक त्याच खोलीत, आणि बाहेरचे जग दूर, अशा काळात तो चुकीचाही नव्हता. आज मात्र रूटचा अधिकार मिळवणे हीच हल्लेखोराची पहिली पायरी असते. वेबसाइटच्या एखाद्या जुन्या प्रोग्राममधील दोषातून तो आत येतो, दुसऱ्या दोषातून रूट होतो, आणि तिथून पुढे त्याला कर्नलमध्येच बदल करता आला, तर त्याने चालवलेले प्रोग्राम कोणत्याही यादीत दिसत नाहीत, त्याच्या फाइली कोणत्याही तपासणीत सापडत नाहीत आणि यंत्र पुन्हा विश्वासार्ह करण्यासाठी ते मुळापासून नव्याने उभारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. रूट गमावणे हे मोठे नुकसान आहे, पण ते निस्तरता येते. कर्नल गमावल्यावर आपण काय पाहत आहोत याचाच भरवसा उरत नाही.

सिक्युअर बूटची व्यवस्था आल्यापासून हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. यंत्र सुरू होताना प्रत्येक टप्प्यावर पुढच्या टप्प्याची डिजिटल स्वाक्षरी तपासली जाते आणि स्वाक्षरी जुळली नाही, तर कर्नल चालूच होत नाही. ही तपासणी कितीही कडक असली तरी, कर्नल चालू झाल्यानंतर रूटला ‘डेव्ह-मेम’मधून त्याचीच मेमरी बदलता येत असेल, किंवा स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा, त्यात घुसवता येत असेल, किंवा केएक्झेक वापरून चालत्या कर्नलच्या जागी दुसराच कर्नल आणून बसवता येत असेल, तर सुरुवातीच्या तपासणीला अर्थ काय राहिला? युनिक्सच्याच वंशातील बीएसडी कुळाच्या सिस्टिमना हे फार आधी उमगले होते. त्यांच्यातील सिक्युअरलेव्हल ही व्यवस्था १९९०च्या दशकापासून आहे, आणि तिचा नियम असा की यंत्र चालू असताना सुरक्षेची पातळी वाढवता येते, उतरवता येत नाही. अ‍ॅपलने २०१५ मध्ये मॅकवर रूटलाही सिस्टिमच्या प्रोसेसमध्ये डीबगर लावण्यास मनाई केली. विंडोजवर सिक्युअर बूट चालू असताना कर्नल डीबगिंग सुरू करता येत नाही.

लिनक्समध्ये याला वेळ लागला, आणि तो वाया गेला असे मी म्हणणार नाही. कर्नलवर काम करणारे मॅथ्यू गॅरेट आणि डेव्हिड हॉवेल्स यांनी तयार केलेले लॉकडाउनचे, म्हणजे रूटलाही कर्नलमध्ये हात घालू न देणाऱ्या कुलपाचे, पॅच (कोडमधील बदल) कित्येक वर्षे मूळ कर्नलच्या बाहेरच होते आणि अनेक वितरणे, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या, ते आपापल्या कर्नलमध्ये जोडून घेत होती. २०१८ मध्ये त्यांवर जी चर्चा झाली, तीत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी घेतलेला आक्षेप मला आजही योग्य वाटतो. सिक्युअर बूट चालू आहे एवढ्यावरून कर्नलने आपोआप स्वतःला कुलूप लावून घेणे त्यांना मान्य नव्हते. ते दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते वेगळेच घेता आले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यानुसार रचना बदलली आणि २४ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या ५.४ या आवृत्तीत लॉकडाउन आले. बरोबर चार महिन्यांनी, २४ मार्च २०२० रोजी, हाच शब्द आपल्या देशात घरोघरी पोचला, त्यामुळे आता कर्नलच्या संदर्भात तो उच्चारला की ऐकणाऱ्याला आधी समजावून सांगावे लागते.

लॉकडाउनच्या दोन पातळ्या आहेत. पहिलीचे नाव इंटेग्रिटी, म्हणजे अखंडता. या पातळीवर रूटलाही चालत्या कर्नलमध्ये काही बदलता येत नाही. स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल आणि केएक्झेक बंद होते, मेमरीत थेट लिहिणे बंद होते, प्रोसेसरच्या काही खास रजिस्टरांत (त्याच्या आतील छोट्या साठवण-जागांत) लिहिणे बंद होते, डीबगएफएसमधील लिहिण्याजोग्या फाइली बंद होतात. दुसरी पातळी कॉन्फिडेन्शियालिटी, म्हणजे गोपनीयता. तिच्यात कर्नलच्या मेमरीतून गुप्त माहिती वाचून बाहेर काढण्याच्या वाटाही बंद होतात, आणि केप्रोब्ज किंवा यंत्राची कामगिरी मोजणाऱ्या पर्फसारखी साधनेही त्या बंदीत सापडतात. एकदा पातळी वाढवली की यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत ती खाली येत नाही. माझ्या मते या रचनेचा सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. कुलपाची किल्ली आतल्या माणसाजवळच ठेवली असती, तर आत शिरलेल्या चोरालाही ती सापडली असती.

आता या कुलपाची उणीव सांगतो, कारण तिच्यावाचून माझे म्हणणे अर्धवट राहील. मे २०२२ मध्ये असे उघड झाले, की लॉकडाउन लागू असतानाही केजीडीबी आणि केडीबी हे दोन्ही डीबगर पूर्वीसारखेच मोकळे होते. ज्यांचे कामच मुळी कर्नलची मेमरी वाचणे आणि बदलणे, त्यांनाच बंदीच्या यादीत घालायचे राहून गेले होते. ५.४ आवृत्ती आल्यापासून अडीच वर्षे ही वाट तशीच होती. सीरियल पोर्टपर्यंत पोचणाऱ्या कोणालाही डीबगर जागा करून कुलपाला वळसा घालता आला असता. इथे कोणी म्हणेल की सीरियल पोर्टपर्यंत पोचायला माणूस डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष शिरला पाहिजे. पूर्वी ते खरे होते. आज बहुतेक सर्व्हर हे आभासी यंत्र, म्हणजे मोठ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, असते, त्याचा सीरियल पोर्टही आभासी असतो आणि क्लाउड कंपनी तो ब्राउझरच्या खिडकीत आणून देते. त्या खात्याचा पासवर्ड चोरीला गेला तर ‘तारेने जोडलेला संगणक’ जगाच्या कोणत्याही टोकाला असू शकतो. त्या महिन्यात आलेल्या दुरुस्तीने डीबगरच्या लिहिण्याच्या आज्ञा पहिल्या पातळीवर आणि वाचण्याच्या आज्ञा दुसऱ्या पातळीवर बंद केल्या.

रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हे बाळ असलेली ती माउली कोणी उतरू शकत नाही अशा कड्यावरून रात्रीच खाली गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला, आणि तो कडा दुर्गम आहे या समजुतीवर विसंबून न राहता तिथे बुरूज बांधून घेतला. कर्नलच्या बाबतीत मला नेहमी हेच आठवते. २०२० मध्येही लॉकडाउनला वळसा घालणाऱ्या अशाच वाटा, हार्डवेअरची माहिती कर्नलला देणाऱ्या एसीपीआय तक्त्यांच्या बाजूने सापडल्या होत्या, आणि त्याही बुजवल्या गेल्या. सोयी पुष्कळ आहेत, त्या वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात बांधल्या आहेत, आणि त्या सर्वांची मोजदाद एकदाच करून भागत नाही. यावरून कुलूप निरुपयोगी ठरवणारे लोक मला भेटतात. मी त्यांना एवढेच विचारतो, की कुलूप नसते तर ही वाट दोष म्हणून कोणाच्या नजरेस तरी आली असती का? ती ‘सोय’ म्हणूनच नोंदलेली राहिली असती.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा डेटाबेस सर्व्हर मध्यरात्री अधूनमधून गोठत असे. कारण सापडेना, तेव्हा मी बूटच्या ओळीत, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या आज्ञांत, केजीडीबीला सीरियल पोर्ट जोडून देणारी सूचना लिहिली, दोन रात्री जागलो, आणि डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये दोन कामे एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत अडकून पडतात, हे शोधून काढले. ड्रायव्हर बदलला, तक्रार मिटली, सगळ्यांनी आभार मानले. बूटमधली ती ओळ मात्र तशीच राहिली. अकरा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या यंत्रावर गेलो असताना ती माझ्या नजरेस पडली. त्या काळात काहीही विपरीत घडले नाही, पण घडले असते तर ते माझ्यामुळे घडले असते. यात आळशीपणा किंवा बेपर्वाई नव्हती. दुखणे बरे झाल्यावर औषधाची बाटली कपाटात तशीच राहते, तसे हे सर्वांकडूनच होते. म्हणूनच जे बंद असायला हवे ते माणसाच्या आठवणीवर सोडू नये, ते मुळातच बंद असावे आणि उघडण्यासाठी मुद्दाम यंत्र पुन्हा सुरू करावे लागावे, अशा मताचा मी झालो आहे.

कर्नलबाहेरच्या सामान्य प्रोग्रामांनाही हाच नियम लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. एका प्रोग्रामने दुसऱ्याची मेमरी तपासावी यासाठी पीट्रेस ही जुनी सोय आहे, आणि तिच्यामुळे चॅटच्या प्रोग्राममध्ये शिरलेला हल्लेखोर त्याच वापरकर्त्याच्या ब्राउझरमधील पासवर्ड उचलू शकत असे. उबुंटू या वितरणाने ऑक्टोबर २०१० पासून आणि मूळ कर्नलने २०१२ मध्ये यामा या घटकाद्वारे तिच्यावर मर्यादा आणली. प्रोग्रामने स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसवरच त्याला डीबगर लावता येतो, असा सर्वसाधारण नियम झाला. कर्नलच्या संदेशांत मेमरीचे खरे पत्ते छापले जात, तेही २०१८ च्या सुरुवातीला आलेल्या ४.१५ आवृत्तीपासून झाकले गेले. ‘डेव्ह-केमेम’ तर २०२१ मध्ये ५.१३ आवृत्तीतून काढूनच टाकले. यांपैकी कोणत्याही बदलाने लिनक्स वापरणे अशक्य झाले नाही.

विरोधी बाजूचे म्हणणे मात्र हलके नाही, आणि ऑक्टोबर २०१६ मधल्या डर्टी काऊ या दोषाच्या प्रकरणात ते मी स्वतः अनुभवले आहे. साध्या वापरकर्त्याला रूट होऊ देणारा हा दोष २००७ पासून कर्नलमध्ये होता. केवळ वाचण्यापुरत्या दिलेल्या मेमरीतही डीबगरला ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवण्याची खूण) लिहिता यावा म्हणून ठेवलेली वाट हल्लेखोर त्यासाठी वापरत होते. म्हणजे डीबगिंगची सोय हेच हल्ल्याचे हत्यार झाले होते. पण नवा कर्नल हाती येईपर्यंतच्या दिवसांत लिनक्सचे वितरण करणाऱ्या रेड हॅट कंपनीने जो तात्पुरता उपाय दिला, तो सिस्टिमटॅपची एक छोटी स्क्रिप्ट होता, आणि सिस्टिमटॅप हे साधन चालत्या कर्नलमध्ये हात घालणाऱ्या त्याच केप्रोब्जवर उभे आहे. यंत्रे बंद न करता ती रात्र आम्ही त्या स्क्रिप्टच्या भरवशावर काढली. तेव्हा या सोयी निव्वळ धोक्याच्या आहेत असे मी कसे म्हणेन? फक्त आज तसाच प्रसंग आला तर स्वाक्षरी केलेला लाइव्ह पॅच, म्हणजे यंत्र बंद न करता कर्नलला लावता येणारी दुरुस्ती, उपलब्ध असतो. ती यंत्रणा २०१५ पासून कर्नलमध्ये आहे आणि लॉकडाउन तिच्या आड येत नाही. डर्टी काऊच्या त्या मूळ वाटेवरही २०२४ मधल्या ६.१२ आवृत्तीत बंदी घालण्याचा पर्याय आला. डीबगर खरोखरच जोडलेला असेल तेव्हाच ती मोकळी ठेवायची किंवा कधीच नाही, हे आता यंत्राच्या मालकाला ठरवता येते.

‘कुलूप लावल्यावर बिघाड शोधायचा कसा’ या प्रश्नाचे उत्तरही वाटते तितके निराशाजनक नाही. पहिल्या पातळीवर केप्रोब्ज आणि पर्फ यांनी निरीक्षण करता येते, फक्त बदल करता येत नाही. कर्नल कोसळल्यावर त्याच्या मेमरीची प्रत काढणारे केडंप हे साधन, दुसऱ्या कर्नलवर योग्य स्वाक्षरी असेल तर, लॉकडाउनमध्येही चालते. ती प्रत शांतपणे दुसऱ्या यंत्रावर अभ्यासता येते. माझ्या अनुभवात कामाच्या यंत्रावरील दहापैकी नऊ दुखणी या साधनांनी सुटतात, आणि उरलेल्या एकासाठी त्याच घडणीचे दुसरे यंत्र घेऊन, त्यावर कुलूप न लावता, बिघाड पुन्हा घडवून पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. लॅपटॉप वापरणाऱ्यांची तक्रार मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. लॉकडाउनमध्ये हायबरनेशन, म्हणजे मेमरीची प्रत डिस्कवर ठेवून यंत्र बंद करण्याची सोय, बंद होते, कारण डिस्कवर ठेवलेल्या मेमरीच्या प्रतीत कोणी बदल केलेला नाही याची खात्री कर्नलला देता येत नाही. बॅटरी संपत आली असताना काम जपून ठेवण्याची साधी सोय त्यामुळे हिरावली जाते, आणि हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मालकीचा आहे. यंत्र मी विकत घेतले, मग त्याच्या गाभ्यात मला जाऊ न देणारी कंपनी कोण, हा सवाल मोबाइल फोनच्या बंदिस्त बूटलोडरमुळे (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्राममुळे) अनेकांच्या मनात आहे आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. म्हणून मी ज्या बंधनाचा पुरस्कार करतो त्याची किल्ली यंत्राच्या मालकाकडेच असली पाहिजे. पीसी आणि सर्व्हरवरील लिनक्समध्ये तशी तरतूद आहे. मालकाला डिजिटल स्वाक्षरीची स्वतःची किल्ली यंत्रात नोंदवता येते, ती नोंद यंत्र पुन्हा सुरू होताना समोरच्या पडद्यावर बसून मंजूर करावी लागते, आणि त्यानंतर त्या किल्लीने स्वाक्षरी केलेले स्वतःचे मॉड्यूल चालवता येते. दूरवरून रूट झालेला हल्लेखोर हे परस्पर करू शकत नाही, मालक करू शकतो. इतका स्वच्छ भेद दुसऱ्या कोणत्या व्यवस्थेत झालेला मी पाहिलेला नाही. ज्या यंत्रात अशी नोंद करण्याची वाट विक्रेत्याने बंद केली असेल, त्याला सुरक्षित म्हणण्याऐवजी भाड्याने दिलेले म्हणावे.

माझे मागणे आपल्या राज्यातल्या निविदा काढणाऱ्या कार्यालयांकडे आणि सहकारी बँकांच्या संचालक मंडळांकडे आहे. सर्व्हरच्या निविदेत प्रोसेसर किती, मेमरी किती, हमी किती वर्षांची हे बारकाईने लिहिलेले असते. कर्नल कोणत्या पातळीवर बंद करून देणार, डीबगरचा सीरियल पोर्ट बंद असेल की नाही, डीबगएफएस बसवलेले असेल की नाही, पीट्रेसची मर्यादा काय ठेवणार आणि मालकाची किल्ली कोणाच्या ताब्यात राहणार, हे पाच प्रश्न माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही निविदेत नव्हते. यांसाठी वेगळा खर्च जवळजवळ लागत नाही. बहुतेक वितरणांत हे बूटच्या एका ओळीचे आणि दोन-तीन सेटिंगचे काम आहे. बॉस लिनक्स हे भारतीय वितरण तयार करणाऱ्या सी-डॅक या सरकारी संस्थेचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे, आणि कर्नलवर रोज काम करणारे इंजिनिअरही या शहरात मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी मिळून अशा अटींचा मराठी आणि इंग्रजी मसुदा तयार करून दिला, तर तालुक्याच्या गावातील पतसंस्थेलाही तो जसाच्या तसा वापरता येईल.

अभियांत्रिकी महाविद्यालयांना मात्र ही बंधने लावू नयेत, हे मी तितक्याच आग्रहाने लिहितो. कर्नल थांबवून, त्याच्या पोटात डोकावून, एखादी सूचना बदलून काय होते ते पाहिल्याशिवाय तो कळत नाही. प्रयोगशाळेतील आभासी यंत्रावर केजीडीबी, केप्रोब्ज, सगळे मोकळे असावे आणि विद्यार्थ्यांनी ते मनसोक्त मोडावे. मीही असाच शिकलो. फक्त त्याच मुलाला पुढे नोकरीत कामाच्या यंत्राचा रूट पासवर्ड दिला जाईल, त्या दिवशी ते यंत्र बंद कुलपासह त्याच्या हाती यावे, आणि कुलूप उघडायचे झाले तर त्यासाठी वरिष्ठांची लेखी परवानगी, यंत्र पुन्हा सुरू करण्याची ठरलेली वेळ आणि काम संपल्यावर ते पुन्हा बंद केल्याची नोंद, या तिन्ही गोष्टी त्याला कराव्या लागाव्यात.

वर उल्लेखिलेला मसुदा तयार करण्यास कोणी पुढाकार घेणार असेल, तर त्याचे कच्चे टिपण मी करून ठेवले आहे, आणि ते आपल्या कार्यालयामार्फत विनामोबदला देण्यास मी तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे